दोन सुतांची फट

तात्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, म्हणजे कागदोपत्री. त्यांच्या पिढीत अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनचाच. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराकडं बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख आपल्या सोयीची टाकायचे. घरातलं सांगणं असं, की तात्या बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झाले, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता तेव्हा. पण एस.टी.त कंडक्टर म्हणून नोकरी लागली ती १ जूनवर, पेन्शन सुरू झाली ती १ जूनवर, त्यामुळं २०२३ साली पंचाहत्तरी करायची ठरली तीही १ जूनलाच.

पुण्याच्या चुलतभावाला आरामखुर्ची द्यायची होती, मागं रेललं की पाय वर येणारी. तात्यांना मागं रेललेलं मी कधी बघितलेलं नाही. तीसएक वर्षं चालत्या गाडीत उभं राहून हिशोब केलेला माणूस. आजही बसतात ते खुर्चीच्या पुढच्या कडेवर, पुढचा थांबा जवळ आल्यासारखे. मी म्हटलं, "मी टेबल करतो. परड्यात ठेवायला." भाऊ फोनवर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "करतो म्हणजे, करून घेतो ना?"

तात्यांचं घर सांगलीच्या गावभागात. बोळातनं आत गेलं की सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. परड्यात एक जांभूळ. त्या जांभळाखाली रोज चारच्या चहानंतर चार म्हातारे मेंढीकोट खेळतात. तात्या, नाना, अण्णा आणि बापू. नाना गवंडीकाम करायचे, अण्णा हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, बापू काय करायचे ते मला आजवर नीट कळलेलं नाही, पण चिठ्ठी लिहून घ्यायची असली की सगळे त्यांच्याकडं जातात. डाव मांडला जायचा तो एका प्लास्टिकच्या टेबलावर. त्याचा एक पाय तडकलेला आणि तारेनं बांधलेला. जोरात पान आपटलं की चहा सांडे. मेंढीकोटात जोरात पान आपटायचं नाही म्हणजे खेळायचंच नाही.

लाकूड कुठलं घ्यायचं हे ठरवायची वेळच आली नाही. ते परड्यातच उभं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. इथं धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीत पावसाळ्याचे चार महिने माणसं एकमेकांना "कसं काय" असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. पण स्वतःच्या घरात किती पाणी आलं हे मात्र कुणी फुटात सांगत नाही. "देवाच्या कोनाड्यापर्यंत", "फोटोपर्यंत", "वरच्या फडताळाची एक फळी राहिली" असं सांगतात. तात्यांच्या घरी कोनाड्यापर्यंत आलं. देव आधीच माडीवर नेले होते.

पाणी उतरल्यावर गावभागातल्या रस्त्यांवर जे ढीग लागले, त्यांत सगळ्यात जास्त प्लायवूड होतं. कपाटं, शोकेस, पलंगाचे बॉक्स. भिजलेल्या वहीसारखे सगळ्यांचे पापुद्रे सुटलेले. जुनं सागवान मात्र त्या ढिगांत फारसं दिसलं नाही. तात्यांच्या परड्याकडच्या दाराच्या दोन फळ्या, वडलोपार्जित सागाच्या, पाण्यात आठवडाभर राहून फुगल्या आणि चौकटीत मावेनात. पुढं वाळल्या तेव्हा एक जराशी पिळली. शेवटी लोखंडी दार बसवलं. लाकडी दार न्हाणीघराच्या भिंतीला टेकून पत्र्याखाली साडेतीन वर्षं उभं राहिलं. काकूचा डोळा त्याच्यावर होता. "बंबात घालीन म्हणते, पण फोडायला कोण येत नाही," असं ती दर दिवाळीला म्हणायची. बंबात घालायला कुणी आलं नाही, ही सांगलीतल्या मजुरीच्या दरांची कृपा.

मी एका कॉलेजात गणित शिकवतो. गेली वीस वर्षं फळ्यावर काटकोन काढतोय. पाडव्याच्या दिवशी विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पहिली फळी कापली, तिला काटकोन बघायचा गुण्या लावला, आणि गुण्याच्या खालून पलीकडची मोटरसायकल दिसली. फळ्यावरचा काटकोन माझ्या म्हणण्यावर काटकोन असतो. लाकडाचा तसा नसतो.

त्याआधी दार मोडायलाच तीन रविवार गेले. सॉ मिलवाल्यानं जुनं लाकूड मशीनवर घ्यायला सरळ नकार दिला. "मोळे असतात आत. पातं गेलं की तुमचं टेबल मला हजारात पडंल." त्याचं बरोबर होतं. खराब झालेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून मी फळीवरनं फिरवत राहिलो. जिथं ते मान वाकडी करी तिथं मोळा. हे जुने मोळे हातानं घडवलेले, चौकोनी, आणि प्रत्येकाभोवती लाकूड निळंकाळं पडलेलं. सागाच्या आणि बाभळीच्या लाकडात टॅनिन असतं, लोखंड आणि ओल मिळाली की त्याची शाई होते. पूर्वी हिरड्यापासून शाई करायचे ती ह्याच गुणावर. म्हणून बाहेर ठेवायच्या वस्तूला साधे स्क्रू लावायचे नसतात, स्टेनलेस किंवा पितळी लावायचे. हे मला आधी कळलं असतं तर साध्या स्क्रूचं एक अख्खं पाकीट वाचलं असतं.

मोळे काढल्यावर फळ्या सुट्या झाल्या. त्यांच्या सांध्यातनं माती पडली.

पाडव्याआधीचं ऊन, पार्किंगची फरशी, आणि तिच्यावर राखाडी, मैद्यासारखी बारीक माती. चिमटीत घेतली तर बोटांच्या रेघांत जाऊन बसली. २०१९ ची कृष्णा ती. पूर ओसरल्यावर आम्ही ती माती फावड्यानं ओढली होती, पाइपनं धुतली होती, देवांच्या पाठीमागून टूथब्रशनं काढली होती. तात्यांच्या ट्रंकेतल्या तिकिटांच्या जुन्या थप्प्यांतनं, काकूच्या लग्नातल्या शालूच्या घड्यांतनं काढली होती. शेवटची काढली असं वाटून चार वर्षं होत आली, आणि ही एवढी अजून दारात होती. मी झाडू आणला, आणि मग झाडलीच नाही. सुपलीत भरून गच्चीवरच्या कुंडीत घातली. कढीपत्ता आहे त्यात. जोमात आलाय वगैरे काही नाही, होता तसाच आहे.

शेजारच्या विंगेत स्वयंपाकघराचं काम करायला मिरजेचे एक मिस्त्री यायचे. दुपारी डबा खाऊन ते पार्किंगमध्ये तंबाखू मळत माझी गंमत बघत बसत. पहिले दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी न राहवून उठले, माझ्या हातातला रंधा घेतला, पातं उलटं करून डोळ्याशी धरलं आणि म्हणाले, "सर, ह्यानं लोणी पण निघायचं नाही." त्यांनी धार लावून दिली. त्यानंतर रंध्यातनं निघालेली पहिली लांब ढलपी मी आठवडाभर पुस्तकात ठेवली होती, हे बायकोला सांगितलेलं नाही.

मिस्त्रींचं बालपण मिरजेत सतारमेकरांच्या शेजारात गेलेलं. तिथं तुणाचं लाकूड वर्षानुवर्षं सुकवत ठेवतात, बोटानं टिचकी मारून त्याचा आवाज ऐकतात, हे त्यांनी मला सांगितलं. मीही लगेच माझ्या फळीवर टिचकी मारली. ते म्हणाले, "तुमच्याला वाजायचं नाही सर. नुसतं उभं राह्यचंय. तेवढं जमलं तरी रगड."

मापं तात्यांच्या चौकडीची धरली. तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे चारही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. उंची अडीच फूट. दाराच्या सहा फुटी फळ्या मधोमध कापल्या की तीन-तीन फुटांच्या होतात, त्यातल्या सहा वरच्या तक्त्याला, उरलेल्यांच्या पट्ट्या पायांना जोडायला. पट्टीच्या टोकाला कुसू काढायचं, पायात तेवढीच खाच पाडायची, आणि कुसू खाचेत असं बसलं पाहिजे की हातानं ढकललं तर अर्ध्यात थांबावं आणि लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांनी पुरं जावं. माझी आठांतली पाच कुसवं हातानंच पुरी गेली. ढिली. त्यांत सागाच्याच पातळ चिपा घालून भरल्या. कुठल्या पाच, ते सांगणार नाही, खाली वाकून बघणाऱ्याला दिसतील.

तक्ता मी आधी घट्ट केला होता. सहाही फळ्या कडेला कडा लावून, डिंक घालून, शिकंज्यात आवळून. फार सुंदर दिसत होता. एका सपाट चौकोनासारखा, ज्याला भूमितीत प्रतल म्हणतात. मिस्त्रींनी त्याच्यावरनं हात फिरवला, खाली वाकून बघितलं, आणि विचारलं, "हे बाहेर ठेवायचं न्हवं?"

"हो, परड्यात."

"मग पाणी कुठनं जायाचं?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढं चालवलं, "सांगलीत पाणी कुठनं येतंय ते शेंबड्या पोराला ठावं असतंय. जायाचं कुठनं ते कोण बघत न्हाई."

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. वाढतं ते आडवं, रुंदीत. पावसाळ्यात दार चौकटीत बाजूनं घासतं ते ह्यामुळंच, आणि हे दार तर त्याच कारणानं चौकटीबाहेर पडलेलं. साग इतर लाकडांपेक्षा कमी हलतो, पण हलतोच. तीन फूट रुंदीचा घट्ट तक्ता पावसात फुगणार, उन्हात आकसणार, आणि खालून स्क्रूंनी जखडलेला असला तर कुठंतरी फुटणार. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. वाचूनही घट्ट केलाच होता, कारण तसा तो चांगला दिसत होता. पुन्हा करवत घेतली आणि डिंकाच्या रेघांवरनं सहाही फळ्या सुट्या केल्या.

फट किती ठेवायची? "दोन सूत," मिस्त्री म्हणाले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांनी मिलिमीटर कधी मनावर घेतलेले नाहीत. दोन सुतांच्या पाच फटी, म्हणजे एकूण सव्वा इंच मोकळी जागा. खालच्या पट्ट्यांत स्क्रूची भोकं गोल न ठेवता लांबट केली, फळी सरकली तर स्क्रूनं तिला अडवू नये म्हणून.

पाय सगळ्यात अवघड. तीन इंच जाडीचं लाकूड दारात नव्हतंच. तीन पाय मी बाभळीचे घेतले, गाभ्याचे, बैलगाडीच्या चाकाला चालतं ते. रंधायला इतकं चिवट की दोन रविवार खांदे धरले. चौथा पाय मात्र घरचा आहे. परड्याच्या दाराला आतून लावायचा अडसर होता, सागाचा, चांगला जाड. भिंतीतल्या भोकात तो रोज रात्री सरकवला जायचा आणि पहाटे काढला जायचा. हातानं धरायच्या जागी इतका गुळगुळीत झालेला की तिथं मी रंधा लावलाच नाही. चारांत तो एकटाच गडद आहे. विजोड दिसतो. बायको म्हणाली रंग लावून सारखे कर. नाही केले.

शेवटी तेल. बेलतेल, म्हणजे अळशीचं उकळलेलं तेल, टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. तीन हात दिले, दोन हातांत दोन-दोन दिवस ठेवून. पायांची खालची तोंडं एकेका वाटीत तेल घेऊन रात्रभर त्यात उभी केली, कारण लाकडाच्या कापलेल्या तोंडातनं पाणी वर चढतं, ऊस चोखावा तसं, आणि बाहेरच्या टेबलाचे पाय तिथूनच कुजायला लागतात. तेलाची फडकी पाण्याच्या बादलीत टाकली. बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात, एवढं तरी मला माहीत होतं. वासामुळं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. मी त्या दोन दिवसांत ग्रुप उघडला नाही.

३१ मेच्या संध्याकाळी छोट्या हत्तीत घालून टेबल गावभागात नेलं. बोळ पार झाला, सोपा, माजघर, आणि परड्याच्या चौकटीत अडकलं. तीन फुटांची चौकट, तीन फुटांचं टेबल. मापं मीच घेतली होती, टेबलाची. चौकटीची घ्यायची असतात हे डोक्यात आलं नाही. दार होतं तेव्हा ह्याच चौकटीत मावेना, आता टेबल होऊन आलं तरी मावेना. काकू पोटभर हसली. मग आडवं करून, पाय आधी, बाळंतिणीच्या खोलीतनं पाळणा काढतात तसं ते बाहेर काढलं.

तात्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायचं ठरलं होतं. ते पहाटे पाचला उठतात हे आम्ही सगळेच विसरलो. मी पोचलो तेव्हा ते खुर्ची ओढून टेबलापाशी बसलेले, पुढच्या कडेवर, आणि त्यांचा उजवा हात त्या गडद पायावर. म्हणजे बरोबर गुळगुळीत जागेवर. "हा अडसर," म्हणाले. मी म्हटलं, हो. "उलटा लावलास. वरचं तोंड खाली गेलंय." अडसराला वरखाली असतं हे मला माहीत नव्हतं. एरवी काही बोलले नाहीत. औक्षणाला काकूनं पाट मांडला होता, पण तात्या टेबलापासनं उठेचनात, तेव्हा तिथंच ओवाळलं.

चार वाजता चौकडी आली. मी मुद्दाम थांबलो होतो. नानांनी गवंड्याच्या डोळ्यानं तक्त्याकडं बघून पाण्याची पातळी बरोबर आहे असं जाहीर केलं. मला त्या दिवसातली ती सगळ्यात मोठी शाबासकी. पानं वाटली. तिसऱ्या हाताला अण्णांनी चौकटची दश्शी दणक्यात मारली, ती टेबलावर कडेनं पडली, आणि दोन सुतांच्या फटीतनं सरळ खाली गेली.

मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी. सगळा खेळ त्या चार दश्श्यांसाठी. ती जमिनीवर पडली तर खेळलेली धरायची का नाही, ह्यावर अर्धा तास गेला. पान टाकलं तेव्हाच ते खेळलं, असं बापूंचं म्हणणं. टेबलावर नाही ते डावात नाही, असं नानांचं. तात्यांनी कंडक्टरी निकाल दिला: "गाडीतनं खाली उतरलेल्याचं तिकीट संपलं." अण्णा रुसले. दुसऱ्या डावात आणखी दोन पानं गेली. तेव्हा काकूनं आतून जुनी सतरंजी आणून टेबलावर पसरली, आणि तेव्हापासनं ते टेबल सतरंजीखालीच गेलं. अडीच महिने रंधलेला, तीन हात तेल प्यालेला तक्ता. मी दर भेटीत ती सतरंजी उचलून खाली बघायचो. एकदा तात्यांनी विचारलं, "काय हरवलंय का?"

जूनमध्ये जांभळं पिकली. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, त्यामुळं जांभळांना पडायला भरपूर दिवस मिळाले, आणि पक्ष्यांना बसायला. सतरंजीच्या बाहेर राहिलेल्या कडेवर जांभळे डाग. पुढं पाऊस लागला आणि तेलावर बुरशी धरली, काळे ठिपके, गोवर आल्यासारखे. अळशीचं तेल बुरशीला आवडतं, हे मला पाऊस पडल्यावर समजलं. मी फडकं, ब्रश, पॉलिश पेपर असं सगळं पिशवीत घालून गेलो. काकू म्हणाली, "राहू दे की. तीट लागली म्हणायची." मी म्हटलं, अगं, सगळं काळं पडेल. ती म्हणाली, "तू दिलायस ना ते? का ठेवायला दिलायस?"

ह्यावर मी पिशवी तशीच परत आणली. रागानंच आणली. दोन दिवस तो राग पुरला.

टेबलाचा खरा ताबा पुढच्या उन्हाळ्यात काकूनं घेतला. सकाळी सात ते चार, म्हणजे चौकडी यायच्या आत, त्याच्यावर सतरंजीऐवजी धुवट धोतर असतं आणि धोतरावर कुरडया. गच्चीवरच्या फरशीपेक्षा इथं लवकर वाळतात, कारण फटींतनं खालूनही वारा लागतो, हा शोध तिचा. बोळातल्या तीन घरांच्या सांडग्यांचाही नंबर लागला. सागाचा रंग आता उन्हानं उडालाय, तक्ता राखाडी पडलाय, जुन्या तांब्याच्या नव्हे तर जुन्या जस्ताच्या भांड्यासारखा. आता डाग कुठले आणि लाकूड कुठलं ते वेगळं सांगता येत नाही. पिळलेली फळी अजून थोडी पिळली आहे. चहाचा पेला तिच्यावर ठेवायचा नाही हे चौघांनाही पाठ आहे. तिथं चष्मा ठेवतात.

पायांखाली मी शहाबादी फरशीचे तुकडे दिले होते. त्यातला एक नानांनी काढून दुसरा घातला, अर्ध्या सुतानं जाड. तेव्हापासनं ते डुगडुगत नाही. डुगडुगत होतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मध्ये एका पावसाळ्यात कोयनेतनं पाणी सोडल्याच्या बातम्या सुरू झाल्या. अशा वेळी त्या टेबलाभोवती मेंढीकोट बंद पडतो आणि अलमट्टी सुरू होते, म्हणजे कृष्णेवरचंच कर्नाटकातलं धरण, त्याची पातळी ५१९ मीटर की ५२४ मीटर. चौघांपैकी एकानंही ते धरण पाहिलेलं नाही, पण पातळ्या दशांश चिन्हासकट तोंडपाठ. आयर्विनचा आकडा तासातासाला चढत होता. मी फोन केला. देव माडीवर नेले होते, धान्य नेलं होतं, काकूचा शालू नेला होता. मी विचारलं, "तात्या, टेबल?"

"टेबलाचं काय?"

"वर घेतलं का? मी येऊ का, आडवं करून…"

"बाहेरचंच आहे न्हवं ते?" तात्या म्हणाले. "बांधलंय."

पाणी त्या वेळी बोळापर्यंत आलं नाही. आठवड्यानं गेलो तर टेबल जांभळाला बांधलेलं होतं. म्हशीचं असतं तसलं जाड दावं, एक टोक झाडाच्या बुंध्याला, दुसरं अडसराच्या पायाला, गुळगुळीत जागेच्या जरा खाली. लाकूड तरंगतं, बुडायची भीती नाही, वाहून जाऊ नये एवढंच, असा तात्यांचा हिशोब. दावं लांब ठेवलं होतं. मी विचारलं एवढं लांब कशाला. "पाणी वर आलं की त्यानं पण वर यायला पाहिजे," म्हणाले, आणि पानं पिसायला घेतली.

दावं कुणी सोडलेलं नाही. काकू त्याच्यावर चहाची फडकी वाळत घालते.